वाळवंटातले ख्रिस्ती तपस्वी: आधी त्यांचे हात पाहा

एका वाचकाने विचारलं आहे: तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तमधले इतके ख्रिस्ती लोक घरदार सोडून वाळवंटात का गेले? हे जगापासून पळून जाणंच नव्हे का? तिथे एकटे राहून ते खायचे काय, दिवसभर करायचे काय? आणि ही कल्पना मुळात आपल्याकडच्या भिक्खूंकडून तिकडे गेली, हे कितपत खरं?

सुरुवातीच्या ख्रिस्ती इतिहासाचं अध्यापन मी बरीच वर्षं करते आहे आणि हे चारही प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात येतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा एकच चित्र असतं: गुहा, लांब दाढी, शेजारी कवटी आणि भोवती सैतानांचा गराडा. हे चित्र युरोपातल्या चित्रकारांनी हजार-अकराशे वर्षांनंतर रंगवलं. त्या काळातल्या मजकुरात जो माणूस भेटतो तो वेगळाच आहे. तो बहुधा खजुराच्या ओल्या पात्यांची दोरी वळत बसलेला असतो, शेजारच्या खोलीत त्याचा शिष्य असतो, आणि पुढच्या बाजाराला टोपल्या पुऱ्या होतील का याचा हिशेब त्याच्या मनात चालू असतो. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच: या लोकांना समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या दृष्टान्तांआधी त्यांच्या हातांकडे पाहा. त्यांनी काय सोडलं हे सगळे सांगतात. त्यांनी काय धरून ठेवलं ते पाहिलं की बाकीचं उलगडतं.

आधी भूगोल, कारण तिथेच पहिला गैरसमज होतो. नाईलच्या खोऱ्यात पाणी पोचतं तिथवर हिरवं शेत, आणि शेवटचा बांध ओलांडला की वाळू. मध्ये काहीच नाही. त्यामुळे ‘वाळवंटात जाणं’ म्हणजे दरवेळी महिनोन्‌महिन्यांचा प्रवास नव्हे. पुष्कळांसाठी ते गावाबाहेरच्या जुन्या थडग्यात किंवा ओसाड गढीत जाऊन राहणं होतं. गाव दिसत असे, कोंबड्याचं आरवणंही ऐकू येत असेल.

अँथनीचंच पाहा. जन्म इ. स. २५१च्या सुमाराचा, मृत्यू ३५६चा. घर सुखवस्तू: तीनशे अरूरा, म्हणजे साधारण दोनशे एकर सुपीक जमीन. आईवडील गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा, पदरात धाकटी बहीण. चर्चमध्ये एके दिवशी मत्तयाच्या शुभवर्तमानातला तो उतारा वाचला जात होता, ज्यात येशू एका श्रीमंत तरुणाला सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगतो. अँथनीने तो आपल्यालाच उद्देशून आहे असं मानलं. जमीन गावकऱ्यांना दिली, बाकीचं विकलं, बहिणीची सोय व्रतस्थ स्त्रियांच्या घरी केली. (बहिणीला काय वाटलं, याबद्दल अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने लिहिलेलं अँथनीचं चरित्र गप्प आहे, आणि ते मला दरवेळी खटकतं.) मग तो गेला कुठे? शेजारच्या गावी. तिथे एक म्हातारा तरुणपणापासून एकांतात राहत होता, त्याच्याकडे शिकायला. म्हणजे ज्याला आपण पहिला तपस्वी म्हणतो त्याच्याआधीही कोणीतरी होतं, आणि अँथनीची सुरुवात शिष्य म्हणून झाली.

त्यानंतरचे टप्पे हळूहळू लांब जाणारे. आधी थडगी, मग नाईलच्या पूर्वेला पिस्पिर इथली ओसाड गढी. तिथे तो सुमारे वीस वर्षं दार बंद करून राहिला. पण याच चरित्रात एक बारीक नोंद आहे: वर्षातून दोनदा छपरावरून त्याला पाव पोचवले जात. म्हणजे कोणीतरी ते भाजत होतं, वाहून आणत होतं आणि वर चढत होतं. शेवटी मित्रांनी दार मोडलं तेव्हा लोकांना अस्थिपंजर माणूस दिसेल असं वाटलं होतं. बाहेर आला तो ना सुटलेला ना खंगलेला, शांत आणि शहाणा. तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात तो शेवटी स्थिरावला. तिथेही बंधू, म्हणजे इतर संन्यासी, पाव घेऊन येऊ लागले, तेव्हा त्यांचे श्रम पाहून त्याने कुदळ, कुऱ्हाड आणि थोडं धान्य मागवलं, जमीन शोधून पेरणी केली आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी भाजीपालाही लावला. जनावरं वाफ्यात शिरून नासधूस करायची. त्याने एकाला हळूच धरलं आणि विचारलं, मी तुमचं काही बिघडवत नाही, मग तुम्ही माझं का बिघडवता?

वसई-गोव्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. तिथल्या घराघरांत ज्या संत अँथनीची भक्ती आहे, ज्यांचा सण १३ जूनला येतो, ते पादुआचे अँथनी, तेराव्या शतकातले. वाळवंटातल्या अँथनीचा दिवस १७ जानेवारी. दोघांचा संबंध मात्र आहे. पादुआच्या अँथनींचं मूळ नाव फर्नांडो. पोर्तुगालमध्ये कोइंब्राजवळ फ्रान्सिस्कन बंधूंचा एक लहानसा आश्रम वाळवंटातल्या अँथनीच्या नावे होता. तिथे संघात प्रवेश करताना त्यांनी ते नाव घेतलं.

आता ‘का गेले’ याकडे. पाठ्यपुस्तकी उत्तर असं: रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३१३मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, चर्च श्रीमंत आणि सुखासीन झालं, हुतात्मा होण्याची संधी संपली, म्हणून जे खरे तळमळीचे होते ते वाळवंटात गेले. यात तथ्य आहे, पण हे उत्तर नंतरची गर्दी समजावतं. सुरुवात समजावत नाही. अँथनीने जमीन सोडली ती २७०च्या आसपास, म्हणजे सम्राट डायोक्लिशियनने केलेला ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू होण्याच्याही तीसेक वर्षं आधी. दुसरं उत्तर करांचं: रोमन काळात इजिप्तचे शेतकरी करांना कंटाळून गाव सोडून पळत, त्यातलेच हे. वाळवंटात जाण्याची वाट अशा पळालेल्यांनी आधीच पाडली होती हे खरं. पण दोनशे एकरांचा मालक जमीन वाटून जातो तेव्हा त्याला करांचं ओझं एवढंच कारण पुरत नाही.

मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो एक साधा तक्रारअर्ज, इजिप्तच्या फायूम भागातल्या करानिस गावचा, जून ३२४चा, पपायरसवर लिहिलेला. इसिदोरस नावाचा शेतकरी सांगतो की दोघा गावकऱ्यांच्या गाईने त्याच्या पिकाची नासाडी केली. गाय धरून नेताना त्यांनी त्याला सोट्यांनी मारलं. अंतोनिनस हा डीकन (चर्चमधला सेवक-अधिकारी) आणि आयझॅक हा संन्यासी मदतीला धावले नसते तर जीवच गेला असता. ख्रिस्ती संन्याशाचा हा हाती आलेला सर्वांत जुना दिनांकित उल्लेख. आणि तो संन्यासी कुठे आहे? शेताच्या बांधावर, भांडण सोडवताना. गावात सगळे त्याला ओळखतात, अर्जात नाव घालावं इतका तो परिचयाचा आहे. पळून गेलेला माणूस असा सापडत नाही.

तर वाळवंटातली वस्ती वाढली ती या अशा लोकांमधून. अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला तीन ठिकाणं महत्त्वाची. पहिलं नायट्रिया. ते वसवणारा अमून हा लग्न झालेला गृहस्थ. बायकोबरोबर अठरा वर्षं ब्रह्मचर्याने संसार केल्यावर, ३३०च्या सुमाराला, तो तिकडे गेला. चौथ्या शतकाच्या अखेरीला पॅलेडियस हा या तपस्व्यांबद्दल लिहिणारा लेखक तिथे राहून आला आणि त्याने नंतर जे लिहिलं ते वाचलं की मुनींच्या वनाऐवजी एखादं चालतं गावच दिसतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाच हजारांच्या आसपास माणसं, सात भट्ट्या, वैद्य, मिठाई करणारेसुद्धा. चर्चपाशी खजुराची तीन झाडं, प्रत्येकावर एक चाबूक टांगलेला: एक चुकणाऱ्या संन्याशासाठी, दुसरा दरोडेखोरांसाठी, तिसरा आगाऊ पाहुण्यांसाठी. पाहुण्याला धर्मशाळेत हवं तितकं राहता येई, दोन-तीन वर्षंसुद्धा. पहिला आठवडा आरामाचा. त्यानंतर त्याला बागेत, भट्टीवर नाहीतर स्वयंपाकघरात कामाला लावत.

गर्दी वाढली तेव्हा ज्यांना जास्त एकांत हवा त्यांच्यासाठी सुमारे ३३८मध्ये आणखी आत केलिया ही जागा निवडली. परंपरा सांगते की अँथनी आणि अमून तिसऱ्या प्रहरी जेवून निघाले आणि सूर्यास्तापर्यंत चालत गेले. जिथे थांबले तिथे क्रूस रोवला, म्हणजे नायट्रियाच्या बंधूंना जेवण उरकून तिकडे जाऊन येता यावं. अंतर ठरवलं ते माणसांची ये-जा राहावी म्हणून! तिसरं ठिकाण स्केटिस, म्हणजे आजचं वादी नात्रून. तिथे सोडाखार सापडतो, आपल्या पापडखाराच्या जातीचा, आणि स्केटिसचा पहिला तपस्वी मकारियस हा पूर्वी तो खार उंटांवरून वाहून नेणारा उंटवाला. तिथलं पाणी घाणेरड्या वासाचं, वाट चुकली तर मरण. तिथले चार मठ आजही नांदते आहेत.

आता हातांकडे येते.

खजुराची पाती पाण्यात भिजवून मऊ करायची, त्यांची लांबच लांब पट्टी विणायची, ती पट्टी गोल फिरवत शिवून टोपली करायची. काही जण दोरी वळत, काही चटया विणत, काही चाळण्या करत, नायट्रियात तागाचं कापड विणलं जाई, एव्हाग्रियससारखा शिकलेला माणूस पोथ्यांच्या नकला करून पोट भरत असे. हे काम निवडण्यात शहाणपण होतं. ते बसल्या जागी होतं, त्याला फार डोकं लागत नाही, त्यामुळे ओठांवर स्तोत्र चालू ठेवता येतं, आणि त्याचे पैसे होतात. आर्सेनियसच्या कुटीतलं पाती भिजवायचं पाणी तो वर्षातून एकदाच बदलत असे. वर नवं पाणी ओतायचा, पण जुनं टाकायचा नाही. दुर्गंधी असह्य व्हायची. हा माणूस, परंपरेप्रमाणे, सम्राट थिओडोसियसच्या राजवाड्यात राजपुत्रांचा शिक्षक होता. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाला, जगात असताना अत्तरं वापरली, त्याच्या बदल्यात आता हा वास सोसायला हवा.

कामाबद्दलची सगळ्यात नेमकी गोष्ट आब्बा लूसियसची (आब्बा म्हणजे बाबा, वडीलधारा गुरू). त्याच्याकडे काही जण आले आणि म्हणाले, आम्ही हाताने काम करत नाही, प्रेषित पौलाने सांगितल्याप्रमाणे अखंड प्रार्थना करतो. लूसियसने विचारलं, जेवता ना? झोपता ना? तेव्हा तुमच्यासाठी कोण प्रार्थना करतं? ते गप्प. मग त्याने आपला हिशेब मांडला. मी देवाचं नाव घेत बसतो, थोडी पाती भिजवतो, दोरी वळतो आणि वळता वळता ‘हे देवा, माझ्यावर दया कर’ हे स्तोत्र म्हणतो. दिवसाकाठी सोळाएक नाणी सुटतात. त्यातली दोन दाराबाहेर ठेवतो, उरलेल्यात माझं जेवण. ती दोन जो नेतो तो मी जेवताना आणि झोपताना माझ्यासाठी प्रार्थना करतो. माझी अखंड प्रार्थना अशी पुरी होते. या गोष्टीवर मी वर्गात पुष्कळ वेळ घालवते, कारण वाळवंटाचं सगळं अर्थशास्त्र आणि सगळा धर्म तिच्यात एकत्र आहे. एकट्याची साधना पुरी व्हायला दाराबाहेरचा अनोळखी गरीब लागतो.

खाणं म्हणजे पाव, मीठ, पाणी. जॉन कॅसियन हा लॅटिन लेखक स्केटिसला बरीच वर्षं राहिला होता. तो सांगतो की दिवसाला दोन लहान पाव पुरे, दोन्ही मिळून जेमतेम एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. हे पाव एकदम भाजून कडकडीत वाळवून ठेवत. महिनोन्‌महिने टिकत, खाताना पाण्यात भिजवावे लागत. पहिला पाव तिसऱ्या प्रहरी, दिवसाच्या नवव्या तासाला, खायचा आणि दुसरा राखून ठेवायचा, कारण कोणी पाहुणा आला तर त्याच्याबरोबर खाता यावा. पाहुणा आला की उपवास मोडायचा, हा तिथला जवळजवळ नियमच. शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत, एकत्र जेवत, आणि आठवड्याची शिदोरी व पाती घेऊन आपापल्या कुटीत परतत. सुगीच्या दिवसांत पुष्कळ जण खोऱ्यात उतरून शेतांवर मजुरी करत आणि मजुरी धान्यात घेत. फायूमकडच्या सेरापियन या मठप्रमुखाचे लोक त्या धान्याचा वाटा काढत आणि तो नाईलच्या पट्ट्यात वाटून उरलेलं होड्यांनी अलेक्झांड्रियाच्या गरिबांना जाई.

बाजारातसुद्धा हे लोक कसे वागत त्याची नोंद आहे. आब्बा अगाथॉन चाळणीला शंभर आणि टोपलीला अडीचशे सांगत असे. गिऱ्हाईक जे देईल ते न मोजता, न बोलता घ्यायचं. एकदा तो माल विकायला शहरात निघाला तर वाटेत पाय गेलेला एक माणूस. म्हणाला, मला घेऊन चल. अगाथॉनने त्याला उचलून बाजारात नेलं. एक वस्तू विकली की तो विचारायचा, कितीला गेली? मग मला अमुक घेऊन दे. पुन्हा एक विकली, पुन्हा तेच. सगळा माल संपेपर्यंत सगळे पैसे त्याच्यावर खर्च झाले, आणि शेवटी तो म्हणाला, आता जिथून उचललंस तिथे परत नेऊन ठेव. अगाथॉनने नेलं. गोष्टीत तो माणूस देवदूत निघतो. मला मात्र ती त्याच्याही आधी पुरी झालेली वाटते, अगाथॉन त्याला दुसऱ्यांदा पाठीवर घेतो तिथेच.

एकांत हा शब्द ऐकून आपण माणसाला एकटा कल्पितो, पण बहुतेक कुटींत दोघं असत: आब्बा आणि शिष्य. केलियाचं उत्खनन १९६४नंतर फ्रेंच आणि स्विस संशोधकांनी केलं तेव्हा दीड हजारांच्या आसपास आश्रमांच्या खुणा मिळाल्या. जे अवशेष आहेत ते बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातले, म्हणजे तोवर सोयी वाढलेल्या होत्या. पण मांडणी बोलकी आहे. मातीच्या विटांची कुंपणभिंत, आत अंगण, विहीर, एका कोपऱ्यात वडीलधाऱ्याच्या खोल्या, शेजारी शिष्याची, स्वयंपाकघर, आणि प्रार्थनेच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीत कोनाडा, त्यावर रंगवलेला क्रूस. शेतीच्या विस्तारात आणि रेल्वेमार्गाखाली त्यातलं पुष्कळ आज नाहीसं झालं आहे.

या दोघांमधलं नातं हीच वाळवंटाची शाळा. शिष्य किंवा पाहुणा येऊन म्हणे, ‘आब्बा, मला एक वचन द्या’, आणि आब्बा त्या माणसापुरतं, त्या दिवसापुरतं काहीतरी सांगे. प्रवचन नाही. मोशे नावाचा आब्बा, जो आधी दरोडेखोर होता, त्याने एकाला सांगितलं: जा, कुटीत बस, कुटीच तुला सगळं शिकवेल. पुढे ही वचनं कोणी लिहून ठेवली, पाचव्या-सहाव्या शतकात त्यांचे संग्रह झाले. ती वाचताना हे विसरू नये की ती औषधाच्या चिठ्ठ्यांसारखी आहेत: एकाला ‘कमी खा’ आणि दुसऱ्याला ‘नीट जेव’ असं तोच आब्बा सांगतो. सगळी वचनं गोळा करून त्यांचं नियमपुस्तक केलं की ती बिघडतात.

आणि शिकवणारा नेहमी शिकलेलाच असे असं नाही. तोच राजवाड्यातला आर्सेनियस एका म्हाताऱ्या इजिप्शियन शेतकऱ्याला आपल्या मनातल्या विचारांबद्दल विचारत होता. कोणीतरी आश्चर्याने म्हणालं, तुम्ही लॅटिन-ग्रीक पंडित, आणि याला विचारता? त्याचं उत्तर: लॅटिन-ग्रीक येतं मला, पण या शेतकऱ्याची बाराखडी अजून शिकलो नाही.

आता सैतानांबद्दल. आजचा वाचक इथे एक तर हसतो किंवा पान उलटतो. एव्हाग्रियसचं वाचून पाहावं असं मी सांगते. हा काळ्या समुद्राजवळच्या पोंटसचा, कॉन्स्टंटिनोपलमध्ये नावाजलेला वक्ता. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतला, शहर सोडलं, जेरुसलेममार्गे इजिप्तला आला आणि ३९९मध्ये केलियात वारला. त्याने कुटीत बसलेल्या माणसाला सतावणारे आठ विचार नोंदले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, मनाची मरगळ, प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. कॅसियनने ही यादी लॅटिन जगात नेली, सहाव्या शतकाअखेर पोप ग्रेगरीने तिची फेररचना केली, आणि आज जगभर ‘सात पापं’ म्हणून जी ओळखली जातात ती तिथून आली.

त्यातली मरगळ त्याने अशी टिपली आहे की मी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना ती वाचून दाखवते तेव्हा कुणालाच समजावून सांगावी लागत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला हा सैतान येतो. सूर्य हलतच नाही असं वाटायला लागतं, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस सारखा खिडकीबाहेर पाहतो, दाराबाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्यावरून बघतो, इकडेतिकडे बघतो की कोणी बंधू येतोय का. मग त्याला ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. इथे माणुसकी उरली नाही असं वाटतं. त्या आठवड्यात कोणी दुखावलं असेल तर ते आठवतं. दुसरीकडे गेलो तर सगळं सोपं होईल, देव काय सगळीकडेच आहे. घरची माणसं आठवतात, पुढचं लांबलचक आयुष्य दिसू लागतं. याला सैतान म्हणा किंवा आणखी काही. मन इतक्या बारकाईने त्याआधी फार कमी लोकांनी पाहिलं होतं. यावर त्यांचा पहिला उपाय साधा: जागा सोडू नका, काम सोडू नका. अँथनीलाही असाच कंटाळा आला होता तेव्हा त्याने पाहिलं की त्याच्यासारखाच कोणी बसून दोरी वळतोय, उठून प्रार्थना करतोय, पुन्हा बसून वळतोय. असं कर, म्हणजे तरशील, असं त्याला सांगण्यात आलं.

स्त्रियाही होत्या, आणि त्यांना आम्मा म्हणत. सारा नदीकाठी साठ वर्षं राहिली. सिंक्लेटिका अलेक्झांड्रियाची, तिचं एक म्हणणं मी ‘पळाले का’ या प्रश्नाला नेहमी देते: डोंगरात राहूनही पुष्कळ जण शहरात असल्यासारखे वागतात आणि वाया जातात, गर्दीत राहूनही मनाने एकांतात राहता येतं, आणि एकटं असून मनात गर्दी घेऊन जगता येतं.

पाखोमियसबद्दल वेगळं उत्तर लिहावं लागेल, म्हणून इथे थोडक्यात. याला सक्तीने सैन्यात भरती केलं होतं. वाटेत डांबून ठेवलेल्या रंगरुटांना थीब्जच्या ख्रिस्ती लोकांनी अन्न आणून दिलं, त्या ओळख नसलेल्यांच्या दयेने तो ख्रिस्ताकडे वळला. सुमारे ३२३मध्ये ताबेन्निसी इथे त्याने एकत्र राहण्याची पद्धत सुरू केली: एक भिंत, एक नियम, धंद्यांप्रमाणे घरं. आत येणाऱ्याला लिहावाचायला शिकणं सक्तीचं. त्याच्या परंपरेतल्या एका मठात पॅलेडियसने पंधरा शिंपी, सात लोहार, चार सुतार, बारा उंटवाले आणि पंधरा धोबी मोजले. पुढे पश्चिमेकडच्या मठांनी जे उचललं त्यातलं पुष्कळ इथलं.

हे सगळं लिहिताना मी या लोकांवर प्रेम करते हे लपणार नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. अतिरेक होता. अलेक्झांड्रियाच्या मकारियसने (हा स्केटिसच्या उंटवाल्या मकारियसहून वेगळा) रागाच्या भरात चावणारा डास मारला म्हणून स्वतःला शिक्षा दिली आणि सहा महिने दलदलीत उघडा बसला. परतला तेव्हा आवाजावरूनच ओळखू आला. वडीलधारे अशा प्रकारांना सावध करत. अँथनी एकदा बंधूंबरोबर हसतखेळत बसला होता, ते एका शिकाऱ्याला आवडलं नाही. अँथनी म्हणाला, धनुष्य ताण. आणखी ताण. शिकारी म्हणाला, जास्त ताणलं तर मोडेल. बंधूंचंही तसंच, अँथनी म्हणाला. पण सगळ्यांनी ऐकलं असं नाही. त्याहून वाईट म्हणजे हेच संन्यासी बिशपांच्या राजकारणात फौजेसारखे वापरले गेले. ४००मध्ये अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने एव्हाग्रियसच्या मित्रांना नायट्रियातून हाकललं. ४१५च्या सुमाराला पाचशे नायट्रियन संन्यासी अलेक्झांड्रियात उतरले आणि त्यांच्यातल्या एकाने राज्यपाल ओरेस्टेसच्या डोक्यात दगड मारला. तत्त्वज्ञ हिपॅशियाची हत्या झाली ती याच संघर्षात. कुटीत बसून रागाचा इतका अभ्यास केलेल्या परंपरेतून हे व्हावं, याचं दुःख होतं, आणि ते झाकून शिकवणं मला मान्य नाही.

राहिला भारताचा प्रश्न. संपर्क होता, नक्कीच. सोपारा, कल्याण, भडोच या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जहाजं जात. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात २०२२मध्ये बुद्धाची मूर्ती सापडली. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट २००च्या सुमाराला बुद्धाच्या अनुयायांचा उल्लेख करतो. मणी हा धर्मसंस्थापक भारतात येऊन गेला होता आणि त्याच्या पंथाचे कडक व्रतस्थ प्रचारक तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये होते. तेव्हा ‘त्यांनी संन्यास ऐकलाच नव्हता’ असं म्हणता येणार नाही. पण वाळवंटातल्या लोकांनी भारताकडून काही घेतलं असं दाखवणारा एकही मजकूर नाही. जवळची उदाहरणं घरातच होती: फिलोने पहिल्या शतकात वर्णिलेले मारेओटिस सरोवराकाठचे ज्यू साधक, बायबलमधला एलिया, योहान बाप्तिस्मा करणारा, आणि गावोगावचे ते व्रतस्थ म्हातारे. शिवाय फरक मुळातला आहे. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. भिक्खूचं जगणं दात्याच्या दानावर उभं आहे आणि त्यात दोघांचंही पुण्य मानलेलं आहे. स्केटिसच्या आब्बाला दुसऱ्याचं फुकट खाणं ही लाज वाटे. तो आधी दोरी वळे, पोटापुरतं ठेवी आणि उरलेलं देई. इतका वेगळा पाया असताना उसनवारी मानायला मी तयार नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर अँथनीच्या चरित्रापासून करू नका, जरी सगळे तेच सुचवतात. अथनेशियस हा वादात उतरलेला बिशप होता आणि त्याने अँथनी आपल्या बाजूचा रंगवला. अँथनीच्या नावावरची सात पत्रं वाचली तर त्यात बराच शिकलेला, विचारी माणूस दिसतो. आधी वचनांचा संग्रह घ्या आणि त्यातही आधी अगाथॉन, मोशे, पीमेन, सिंक्लेटिका. रोज दोन-तीनच. मग कॅसियन, मग पॅलेडियस, पण त्याचे आकडे जपून घ्या. पाच हजार म्हणजे ‘खूप’ असंच धरा. एव्हाग्रियसचं लिखाण ५५३नंतर पाखंडी ठरल्याने पुष्कळदा दुसऱ्यांच्या नावाखाली टिकलं, तेव्हा नायलसच्या नावाने प्रार्थनेवरचं काही हाती लागलं तर ते बहुधा त्याचंच आहे. अँथनीचं चरित्र यानंतर वाचा, आणि वाचताना छपरावरून आलेल्या त्या पावांपाशी थोडं थांबा.